यादीबाहेरच्या बायका

१२ जानेवारी
मुलींचं वसतिगृह

ती. दादास,

नमस्कार. मी इथे ठीक आहे, तुम्ही सगळे ठीक असाल. आईच्या गुडघ्यांना नव्या मलमाने फरक पडला का, ते वहिनीला कळवायला सांग. माझ्या खोलीतली मुलगी बदलली. आधीची घोरायची, ही झोपेत कुणाला तरी व्याकरण शिकवते. थंडी बेताची आहे. झाली खुशाली.

आता भांडायचं आहे. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी 'हं' म्हणते. म्हणून पत्र. यात तुला मधे बोलता येणार नाही.

तू माझ्या मॅडमना फोन केलास?

मला हे कसं कळलं माहितीये? विभागात सगळे चहा घेत होते. मॅडम आत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या भावाचा फोन होता. तुझ्या नमुन्याची त्याला फार काळजी आहे बाई." सगळे हसले. कपाटाची किल्ली शोधत होते ते क्लार्कसुद्धा किल्ली शोधायची थांबवून हसले. सव्वीस वर्षांची आहे मी, दादा. पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर मी तपासते. आणि माझा भाऊ माझ्या मार्गदर्शकांना फोन करून सांगतो, की माझी बहीण जरा हट्टी आहे, तिला नीट मोठा सर्व्हे करायला लावा!

मॅडमनी मला तुझे शब्दच ऐकवले. "दहा-पंधरा बायकांशी गप्पा मारून संशोधन होतं का? आमच्याकडे साधे बोल्ट पास करायचे तरी याहून जास्त तुकडे तपासतो."

तू कारखान्यात माल तपासतोस, नमुना म्हणजे काय ते तुला कळतं, हे मला मान्य. मला पहिल्यांदा ते कुणी शिकवलं? तूच. मी शाळेत होते, तू स्क्रूचं एक खोकं घरी आणलं होतंस आणि म्हणालास, वरचे कधी उचलायचे नाहीत, माल देणारा चांगले तेवढे वर ठेवतो, हात आत घालायचा. मग तोच तू मला काय सुचवतोस? "आपल्या सोसायटीत दोनशे बायका आहेत, छापील प्रश्नावली वाटू, रविवारी गोळा करू." अरे, हेच तर वरचे स्क्रू झाले!

माझा विषय परत एकदा सांगते, कारण तू तो कधी पूर्ण ऐकूनच घेतला नाहीस. लग्नाचं घर सोडून एकट्या राहायला लागलेल्या बायका पहिलं वर्ष कसं काढतात. तुझ्या सोसायटीतल्या दोनशेंत अशी एकही नसेल. असलीच, तर घरमालकाच्या भीतीने ती 'नवरा परगावी असतो' असंच लिहील. बाकीच्या बायका नवऱ्याशेजारी सोफ्यावर बसून खुणा करतील, आणि पेन नवऱ्याचंच असेल. मला दोनशे स्वच्छ उत्तरं मिळतील, टक्केवारी निघेल, रंगीत गोल काढता येतील, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नसेल. चुकीच्या ठिकाणी दोनशे वेळा विचारलं म्हणून उत्तर बरोबर येत नाही.

यादी असली की चिठ्ठ्या टाकता येतात. इतक्यांतून इतक्या घ्यायच्या, त्याचं सूत्र आहे, ते मला येतं, त्या पेपरात मी वर्गात पहिली होते. शंभरातल्या किती बायका घर सोडतात, असं मला विचारायचं असतं, तर मी तुझे शेकडो घेतले असते. मला 'किती' विचारायचंच नाही. मला 'कसं' विचारायचंय. आणि या बायकांची यादी कुठल्याच कार्यालयात नाही. त्यांनी स्वतःहून आपलं नाव यादीतून काढलेलं असतं. म्हणून एक बाई शोधायची, तिचा विश्वास बसला की ती दुसरीला विचारते, दुसरी तयार झाली तरच तिचं नाव मला कळतं, मग दुसरी तिसरीला विचारते. याला स्नोबॉल म्हणतात. सगळ्या एकाच गोतावळ्यातल्या निघू नयेत म्हणून मी तीन ठिकाणांहून सुरुवात केली आहे: एक परिचारिका, एका वकिलाची कारकून, आणि एक खोल्या भाड्याने देणारी बाई. नवीन मुलाखतीत नवीन काही ऐकू येईनासं झालं, की थांबायचं. मग त्या बारा होवोत की वीस. मला सोयीच्या आकड्यावर मॅडम थांबू देणार नाहीत आणि तुझ्या सोयीचा आकडा मी धरणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. ती लिहावी की नाही, म्हणून हे पत्र टेबलावर पडून होतं.

तू मॅडमना म्हणालास, "आमच्या घरात एक प्रकरण झालंय, ते हिच्या डोक्यात बसलंय." दादा, ताईचं नाव आपल्या घरात कुणी घेत नाही. तूच घेऊ देत नाहीस. आणि परक्या बाईला फोनवर तू ते 'प्रकरण' म्हणून सांगून मोकळा झालास? सहा वर्षं झाली. ताई भाऊजींचं घर सोडून गेली, तुला फोन करून म्हणाली की मला तुमच्यापैकी कुणाशीच संबंध नको. माझी परीक्षा चालू होती, तू शेवटचा पेपर झाल्यावर मला सांगितलंस. मी तेव्हाही काही विचारलं नाही, नंतरही नाही. जिने आपल्याला सोडलं तिला मी कशाला शोधू? हा विषय ताईमुळे घेतलेला नाही. हे मी मॅडमनाही सांगितलंय आणि तुलाही सांगतेय.

परत फोन करू नकोस. मॅडमना तर नकोच.

तुझी,
संतापलेली धाकटी


९ मार्च
वसतिगृह

ती. दादास,

नमस्कार. तू पाठवलेला तक्ता मिळाला. किती मालाला किती तुकडे तपासायचे, ते त्यात छान दिलंय. भिंतीवर लावलाय. शेजारच्या मुलीला ते बसचं वेळापत्रक वाटलं.

काम पुढे सरकतंय. कोण काय म्हणाली ते मी सांगू शकत नाही, तसं लिहून दिलंय. पण एक गोष्ट सांगितली तर कुणाचं काही उघडं पडत नाही. माझ्या प्रश्नांच्या कागदावर घर सोडण्याच्या दिवसाबद्दल बरंच काही होतं. बायका त्याची उत्तरं देतात, शांतपणे देतात, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशा. आवाज बदलतो तो पुढे. नवऱ्याच्या दारातून निघाल्यावर त्या ज्या दुसऱ्या दारात गेल्या, तिथे. माहेरच्या. मी हा प्रश्न लिहिलाच नव्हता. तिसऱ्या बाईने तो मला सुचवला, म्हणाली, "तिथे काय झालं ते विचार ना, नुसतं नवऱ्याचं घर कसं सोडलं तेच काय विचारतेस." तेव्हापासून विचारते. छापील दोनशे कागद वाटले असते तर कुठल्या कागदाने मला असं बोलून दाखवलं असतं?

असो. तुला राग यायचा म्हणून नाही, खरंच माहिती हवी म्हणून एक विचारते. घर सोडून नाहीशी होण्याआधी ताई आपल्या घरी आली होती का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. कारणं, स्पष्टीकरणं यांसाठी खाली मोकळी जागा ठेवलेली नाही.

आईला नमस्कार. तिला यातलं काही सांगू नकोस.

उत्तराची वाट पाहत असलेली,
धाकटी


२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं. 'नाही. आणि जुनं उकरून काढू नकोस.'

तू खोटं बोललास. ताई मला भेटली आहे. मी तुला प्रश्न विचारला त्याच्या आधीच भेटली होती. उत्तर मला माहीत होतं. तू काय लिहितोस ते पाहायचं होतं.

आता जे लिहिते ते तिच्या परवानगीने. काय लिहू आणि काय नको, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पत्ता सोडून सगळं लिही." म्हणून पत्ता नाही. मॅडमना फोन करून काढून घेशील असं वाटत असेल, तर करून बघ. त्या तुझ्या फोनची वाटच पाहताहेत.

परिचारिकेपासून निघालेल्या साखळीत चौथी बाई एका धुलाई कारखान्यात कामाला आहे. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी तिथे येतात. तिची मुलाखत संपल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, अजून कुणी बोलेल का. ती म्हणाली, "आमच्या मुकादमबाईंना भेट. नवीन कुणी बाई आली की बँकेत खातं कसं उघडायचं इथपासून त्याच शिकवतात. बोलतील की नाही देव जाणे. विचारून बघते." मग निरोप आला, जेवणाच्या सुट्टीनंतर इस्त्रीच्या हॉलमध्ये ये. नाव मला माहीत नव्हतं. नियमच तसा आहे, समोर येऊन ती स्वतः सांगेपर्यंत नाव विचारायचं नाही.

हॉलमध्ये वाफ कोंडलेली, ओल्या सुताचा वास, मोठ्या रुळांतून चादरी सरकत बाहेर येत होत्या. यंत्रांचा असा आवाज की सगळ्या ओरडूनच बोलतात. एक बाई पाठमोरी उभी राहून उशांचे अभ्रे ढकलगाडीत रचत होती. मागे न बघताच ओरडली, "बस तिथे स्टुलावर. एवढी गाडी जाऊ दे."

आवाज ताईचा होता.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगते, कारण या पत्रात मला काही लपवायचं नाही. मला वाटलं, गेली, एक मुलाखत गेली. सहा वर्षांनी बहीण समोर उभी आहे आणि मी मनात नमुन्यातली एक बाई वजा करतेय. लाज वाटते मला त्याची. पण माझी लाज मी बघून घेईन.

गाडी गेली, ती वळली. मग म्हणाली, "केस का कापलेस?"

तिने हात अंगावरच्या कापडाला पुसले, माझ्या कानामागे हात फिरवला, लहानपणी वेणी घालताना फिरवायची तसा, आणि मला हॉलबाहेर बोळात घेऊन आली. मग एकदम कामाच्या सुरात, "फॉर्म आणलायस ना? काढ. सही कुठे करायची?"

मी म्हटलं, "ताई, तुझी मुलाखत मला घेता येणार नाही. सख्ख्या नात्यातलं कुणी अभ्यासात घेत नाहीत."

ती हसली. "म्हणजे इथेही मी बाद."

दादा, हे वाक्य मी तुझ्या खात्यावर मांडलंय. ती हसत म्हणाली म्हणून काही ते कमी होत नाही.

मी मॅडमच्या खोलीत जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, प्रबंधात सरळ लिहू, साखळी एका नातेवाईक स्त्रीपाशी पोचली, तिला अभ्यासात घेतलं नाही. आणि म्हणाल्या, "रेकॉर्डर माझ्या टेबलावर ठेव. जा आणि बहीण म्हणून ऐक." म्हणून रविवारी मी ताईच्या खोलीवर गेले. तिसरा मजला, एक खिडकी, खाली छापखान्याचं अंगण. दोन खुर्च्या आणि एक टेबल, त्याच टेबलावर ती जेवते, इस्त्री करते आणि नव्या बायकांना सही करायला शिकवते.

तिने मला ती दुपार सांगितली. तुला आठवतच असेल, तरी मी सांगते. तिच्या बाजूने तू ती कधी ऐकली नसशील.

सकाळी तिने तुला फोन केला. तू म्हणालास, "ये. लगेच निघ. मी आहे." हे 'मी आहे' तिला अजून जसंच्या तसं आठवतं. ती नुसती पर्स घेऊन निघाली. तू दार उघडलंस. दाराशी तिला भाऊजींचे बूट दिसले. नीट जोडून ठेवलेले. आत ते चहा पीत बसले होते. तिचा फोन ठेवल्या ठेवल्या तू त्यांना फोन केला होतास. तिचं मनगट सुजलं होतं. ते तू पाहिलंस आणि म्हणालास, "बर्फ लाव. बसून मिटवू." भाऊजी काहीच बोलले नाहीत, त्यांना बोलायची गरजच नव्हती. तिने विचारलं, "आई कुठे आहे?" आणि तू काय म्हणालास?

"आई म्हणाली, समजावून परत पाठव, मला तिच्यासमोर यायचं नाही."

आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे होती, दादा! तिला काही माहीतच नव्हतं. मी वहिनीला फोन करून विचारलं. आधी नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, मग तोही तिने बंद केला. म्हणाली, "मला म्हणाले होते, आईंना डोळे दाखवून आण, आणि संध्याकाळच्या आत घरी येऊ नका. का, ते नंतर कळलं. मी बोलले नाही. मला बोलायला हवं होतं." वहिनीवर आवाज चढवायचा नाही. चढवलास तर मला कळेल. आता आम्ही एकमेकींना सगळं कळवतो.

भाऊजी ताईला गाडीत घालून घेऊन निघाले. वाटेत पेट्रोल भरायला उतरले, तशी ती दार उघडून पंपामागच्या गॅरेजमधून पळाली. कुठल्याशा दुकानातून तिने परत तुलाच फोन केला. परत तुलाच! दुसऱ्या कुणाला करणार? आणि तू म्हणालास, "आता तुझं तू बघ. आईने तुझं नाव टाकलंय." त्याच संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून परत आलेल्या आईला सांगितलंस, "तिचा फोन आला होता. म्हणते, कुणाशीच संबंध नको." दोन्हीकडे एकच खोटं, नुसती नावं फिरवलीस. मग घर बदललंस, फोनचा नंबर बदललास. सहा वर्षं आईला वाटतंय लेकीने आपल्याला टाकलं, लेकीला वाटतंय आईने आपल्याला टाकलं, आणि त्या दोघींच्या मधे बसून तू रोज दोन वेळा आईच्या हातचं जेवतोस. घास कसा उतरतो रे?

आणि ती कुठल्या शहरात आहे ते तुला माहीत होतं. घटस्फोटाच्या वेळी तिच्या वकिलांनी कारखान्याच्या पत्त्यावर पत्र पाठवून तुला साक्षीला बोलावलं होतं. तू गेला नाहीस, पण पत्ता वाचलास. म्हणून मॅडमना फोन. म्हणून तो तक्ता. तुला माझ्या नमुन्याच्या आकाराची कसली आलीय काळजी! एकीने दुसरीचं नाव सांगत सांगत मी तिच्यापर्यंत पोचेन, ही तुझी भीती होती. सोसायटीत दोनशे कागद वाटत बसले असते, तर जन्मात पोचले नसते. संशोधन मोठं दिसलं असतं आणि तू सुखाने झोपला असतास.

तू म्हणशील, एका बाईच्या सांगण्यावरून काय सिद्ध होतं. मला माहितीये तू हेच म्हणशील. भाऊ कसे असतात हे सांगायला एक बाई पुरत नाही, बरोबर. मी ते सांगतच नाहीये. त्या दुपारी त्या खोलीत तिघं होतात. एकीने मला सगळं सांगितलं. दुसऱ्याला मी हो की नाही विचारलं, त्याने खोटं उत्तर दिलं. तिसऱ्याला मी विचारणार नाही. तीनपैकी दोन झाले. तुझ्या तक्त्यात बघ, पुरतात का.

तू असं का केलंस, तेही मला कळलंय. भाऊजींच्या काकांनी तुला कारखान्यात लावलं होतं आणि तुझी नोकरी तेव्हा कच्ची होती. हे मला ताईने सांगितलं. वर म्हणाली, "घाबरला असेल बिचारा." बिचारा! ती तुला माफ करायला निघाली की काय, या विचाराने माझं डोकं असं फिरलं की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. तिने काय करायचं ते ती ठरवेल. मी नाही करणार. घाबरला होतास, तर दार उघडायचं नव्हतंस. 'येऊ नकोस' म्हणायचंस. ती दुसरीकडे गेली असती. तू तिला 'ये' म्हणालास.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

मागच्या बुधवारी तू कामावर असताना मी घरी येऊन गेले. उन्हाळ्याचे कपडे न्यायला आले होते, असं वहिनीने तुला सांगितलं असेल. मी आईला सांगायला आले होते.

ती स्वयंपाकघरात बसली होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. फक्त डोळ्यांच्या डॉक्टरचं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तिथे गर्दी नव्हतीच. माझं लगेच झालं होतं. मी सुनेला म्हणत होते, चल घरी, तर ती म्हणे, बसू या अजून जरा." वहिनी दारातच उभी होती. तिघींपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

मग आईने विचारलं, "तिच्याकडे जिना आहे का?"

मी म्हटलं, "तिसरा मजला आहे, आई."

"मग थांबत थांबत चढीन."

दादा, आई मावशीकडे गेलेली नाही. मावशीला बरं नाही असं सांगून ती निघाली, आणि तूच तिला बसमध्ये बसवून दिलंस. इकडे मी उतरवून घेतलं.

ती प्रत्येक वळणावर थांबली. भिंतीला हात लावून उभी राहायची, मी पिशवी घेऊन एक पायरी खाली. दुसऱ्या मजल्यावर तिचा श्वास वर ऐकू गेला असावा, कारण वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि ताई धावत खाली आली. दोघी तिथेच पायरीवर बसल्या. पुढे काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. त्याची परवानगी मी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. खालच्या मजल्यावरचा एक माणूस भाजीची पिशवी घेऊन वर येत होता. त्याने दोघींना पाहिलं आणि तो परत खाली जाऊन उभा राहिला. परक्या माणसाला कळलं, दादा.

आई आता इथे ताईकडेच राहणार आहे. तिची औषधं, दुसरा चष्मा आणि जाड शाल वहिनीबरोबर आमच्या विभागात पाठव. मॅडमच्या टेबलावर ठेवायला सांग. तू आणायचं नाहीस.

तुला काय लिहू, असं मी आईला विचारलं. आधी म्हणाली, "लिही, त्याच्या तोंडावर बोलायला जाणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत." मग म्हणाली, "आणि लिही, त्याला यावंसं वाटलं तर आधी हिला विचारावं. मला विचारू नये. माझ्या नावावर त्याचं पुष्कळ सांगून झालंय."

ताई भांडी घासत होती. मी तिला विचारलं. तिने हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं आणि म्हणाली, "आत्ता नाही."

कधी, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तिला वाटलं तर ती कळवेल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. माझा सध्या नाही.

आईची, ताईची
आणि नाइलाजाने तुझी,
धाकटी